ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याची चळवळ



कामगार संघटनेत उभा जन्म घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे आणि ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचा पंडित तर नाहीच नाही. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा या विषयाकडे मी कसा वळलो, हे आधी सांगितले पाहिजे.

कामगार चळवळीचा इतिहास वाचीत असता मद्रासच्या एका पुढाऱ्याचे नाव वारंवार भेटू लागले. व्ही. चक्कराई चेट्टियार हे ते नाव. हे गृहस्थ वकील होते, १९४१-४२ साली मद्रासचे महापौर होते आणि पुढे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षही झाले. इतके आमच्या लोकांना ठाऊक असते. पण याच चक्कराईंनी १९०३ साली बाप्तिस्मा घेतला होता, येशूच्या अवतारकल्पनेवर ग्रंथ लिहिला होता आणि दक्षिणेतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्याची योजना चालू असता तिच्यावर खरमरीत टीका केली होती, हे वाचून मी चकित झालो. आयुष्यभर कामगारांच्या ऐक्याचा पुरस्कार करणारा माणूस आपल्या धर्मबंधूंच्या ऐक्ययोजनेवर टीका का करतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी या चळवळीच्या इतिहासात शिरलो. त्यात जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो. संघटना कशा फुटतात हे मी पुष्कळ पाहिले आहे. कशा जुळतात हे पाहण्याचा योग थोडा आला. म्हणूनच या इतिहासाचे मोल मला अधिक वाटते.

या चळवळीला इंग्रजीत 'एक्युमेनिकल' चळवळ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वस्ती असलेली सारी पृथ्वी' असा आहे. सर्व पृथ्वीवरची ख्रिस्ती मंडळी एक असावी, ही त्यामागची आकांक्षा.

फाटाफुटीचा इतिहास मोठा आहे, तो मी थोडक्यात उरकतो. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सेडन येथे भरलेल्या धर्मपरिषदेनंतर मिसर, आर्मेनिया व सीरिया येथील कित्येक मंडळ्या वेगळ्या झाल्या. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी परस्परांवर बहिष्काराचे शाप उच्चारले आणि पश्चिम व पूर्व अशी दोन छकले पडली. १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरच्या बंडातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले; आणि एकदा बंडाची वाट मोकळी झाल्यावर त्या पंथांना पोटपंथ फुटले. राजाच्या आश्रयाखालचे अँग्लिकन, वडिलांच्या पंचायतीने कारभार चालविणारे प्रेस्बिटेरियन, प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र मानणारे काँग्रिगेशनल, सज्ञान माणसालाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट, वेस्लीच्या पुनरुज्जीवनातून निघालेले मेथॉडिस्ट. प्रत्येकाच्या मागे तुरुंगवास, हद्दपारी आणि रक्त यांचा खराखुरा इतिहास होता. हे भांडण पोरकट होते असे समजण्याचे कारण नाही. माणसे त्यासाठी मेली होती.

परंतु तो इतिहास युरोपचा होता. आपल्या देशात तो आला जहाजांतून, मिशनऱ्यांच्या सामानसुमानाबरोबर. मुंबईच्या कोटात आजही याची साक्ष पाहावयास मिळते. तेथे १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस चर्च इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचे. आणि तेथून थोड्याच अंतरावर १८१९ साली उघडलेले सेंट अँड्र्यूज चर्च स्कॉटिश लोकांचे, प्रेस्बिटेरियन पंथाचे. एकाच बंदरात उतरणारे, एकाच कंपनीची चाकरी करणारे साहेब रविवारी दोन दरवाजांनी आत जात.

साहेबांपुरते हे असते तर आपल्याला त्याचे काही वाटले नसते. पण मिशनऱ्यांनी मुलूख वाटून घेतले. अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल पंथाचे; ते १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ पासून त्याचे ठाणे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पडले. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे १८५२ साली आले आणि पुढे तेथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन पंथाचा जम बसला. नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी काम करू लागले. नाशिकजवळ शरणपूर येथे अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती. शक्य तो एकाने दुसऱ्याच्या मुलखात शिरू नये असा संकेत असे. याचा परिणाम पाहा. कोल्हापूरचा माणूस प्रेस्बिटेरियन झाला आणि नगरचा काँग्रिगेशनल, तो मत विचारात घेऊन नव्हे. आपले गाव कोणत्या मिशनच्या वाट्याला आले यावरून! आणि जेथे संकेत मोडला तेथे अधिकच अनर्थ. नगर जिल्ह्यात १८७० नंतरच्या दशकात अँग्लिकनांची दुसरी एक मिशन येऊन काम करू लागली. मग महारवाड्यांतून अमेरिकन मंडळी आणि अँग्लिकन मंडळी असे तट पडले. ज्यांनी इंग्लंडचा आठवा हेन्री कधी ऐकला नव्हता, ते त्याच्या घटस्फोटातून निघालेल्या भांडणाचे वारसदार झाले.

आपल्या लोकांतील विचारी माणसांना हे सलत होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला, पण कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत स्वतःला कोंबून घेण्याचे त्यांनी नाकारले. बाप्तिस्मा देणाऱ्यांशी त्यांचे वाद झाले ते यावरूनच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. आणि त्याच महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत, दूर तामिळ किनाऱ्यावर, ज्या बैठकीविषयी मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे ती भरली होती.

तिच्याकडे जाण्यापूर्वी नऊ वर्षे मागे गेले पाहिजे. १९१० च्या जूनमध्ये स्कॉटलंडात एडिंबरो येथे जगातील प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद भरली. आधुनिक ऐक्याच्या चळवळीचा आरंभ या परिषदेपासून मानतात. सुमारे बाराशे प्रतिनिधी जमले. आशियातील प्रतिनिधी वीससुद्धा नव्हते. त्या मूठभरांत एक होते तिनेवेल्ली जिल्ह्यातील वेदनायकम् सॅम्युएल अझरिया. वय छत्तीसही पुरे नव्हते. त्यांनी भर सभेत गोऱ्या मिशनऱ्यांना सुनावले. तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात, गरिबांना अन्न दिलेत, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण तुम्ही आमच्याशी बरोबरीच्या नात्याने वागत नाही, आता आम्हांला मैत्री हवी आहे, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. सभा अस्वस्थ झाली. माझ्या मते ऐक्याच्या इतिहासातील हा पहिला खरा शब्द होय. कारण वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात व्यवस्था होऊ शकते, ऐक्य होत नाही. दोनच वर्षांनी, १९१२ च्या डिसेंबरात, अझरिया हे अँग्लिकन पंथाचे पहिले हिंदी बिशप झाले. निजामाच्या राज्यातील दोर्णकल हे त्यांचे ठाणे. आणि त्यांची मंडळी बहुतांशी माला व मादिगा या अस्पृश्य जातींतील शेतमजुरांची.

आता ट्रांकेबारची बैठक. ट्रांकेबार, म्हणजे तरंगमबाडी, ही डेन लोकांची जुनी वखार. १७०६ साली हिंदुस्थानातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी तेथेच उतरले होते. १ व २ मे १९१९ रोजी तेथे तेहेतीस माणसे जमली. दोघे वगळता सारे हिंदी. त्यांत अँग्लिकन होते, आणि १९०८ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून झालेल्या दक्षिण हिंदुस्थान संयुक्त मंडळीचे लोक होते. त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा की, ज्या भेदांनी आम्ही दुबळे झालो आहो ते आम्ही निर्माण केलेले नाहीत. ते बाहेरून आमच्यावर लादले गेले. त्यांची जबाबदारी आमच्यावर नसता आम्ही ते चालू का ठेवावे? महायुद्ध नुकतेच संपले होते. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी एकमेकांची कत्तल केली होती. जालियनवाला बागेला तीन आठवडेही झाले नव्हते. अशा वेळी हिंदी माणसांनी स्वतः होऊन हा प्रश्न विचारला.

जाहीरनामा दोन दिवसांत झाला. ऐक्य प्रत्यक्षात यावयास अठ्ठावीस वर्षे लागली! ती कशात गेली हे समजून घेण्यासारखे आहे.

शास्त्रग्रंथ एक, मूळ श्रद्धावचने एक, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार मान्य. येथवर विशेष अडचण नव्हती. गाठ होती ती अधिकाराची. अँग्लिकनांचे म्हणणे असे की, येशूच्या प्रेषितांपासून बिशपांची परंपरा अखंड चालत आली आहे. ज्याच्या मस्तकावर बिशपाने हात ठेवून दीक्षा दिली तोच खरा पाळक, आणि प्रभुभोजनाचा विधी करण्याचा अधिकार त्यालाच. प्रेस्बिटेरियनांत बिशप नाही, काँग्रिगेशनलांत नाही, ब्रिटिश परंपरेच्या मेथॉडिस्टांतही नाही. मग हे पाळक इतकी वर्षे भाकर मोडून लोकांना देत होते, ते खरे की खोटे? ऐक्य हवे असेल तर बिशपाकडून पुन्हा दीक्षा घ्या, असे त्यांना सांगणे म्हणजे तुमचे आजवरचे आयुष्य रद्दबातल होते हे कबूल करा असे सांगण्यासारखेच होते.

श्रोतेहो, हा प्रसंग मला फार ओळखीचा वाटतो. एकाच गिरणीतल्या, एकाच कारखान्यातल्या दोन युनियन एकत्र करावयास बसा. मागण्या एकच असतात. मागण्यांवरून बोलणी क्वचितच मोडतात. ती मोडतात सभासदांच्या वहीवरून. तुमची वही खरी की आमची? तुमचा सेक्रेटरी निवडून आलेला, की असाच बसलेला? ज्याने वीस वर्षे दारोदार फिरून वर्गणी गोळा केली त्याला 'पुन्हा अर्ज भर' म्हटले की तो उठून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे खातेही जाते. मानापमानाचा हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या पोटात अधिकाराचा प्रश्न असतो.

या घोळात १९३५ साल उजाडले. १३ ऑक्टोबर रोजी आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्या भेटीस जाऊ लागले. अझरियाही त्यांना भेटले. त्या भेटीची हकीकत अझरियांच्या चरित्रात नोंदलेली आहे. आंबेडकरांनी त्यांना विचारले ते असे की, आम्ही अस्पृश्य देशभर एका बंधनाने बांधलेले आहो. तुमच्याकडे आलो तर तुमच्या इतक्या पंथांपैकी कोणत्या पंथात आम्ही जावे, आणि आज आमच्यात जे ऐक्य आहे ते तुम्ही आम्हांला देऊ शकाल काय? अझरिया निरुत्तर झाले. ज्यांची सारी मंडळी अस्पृश्यांची, त्यांना हा प्रश्न किती लागला असेल याची कल्पना करा. पुढे आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या निर्णयाची कारणे अनेक व खोल होती. पंथभेद हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. परंतु येवल्याच्या घोषणेनंतर विचारलेला तो प्रश्न ऐक्याच्या साऱ्या वाटाघाटींपेक्षा अधिक नेमका होता.

चक्कराईंची टीकाही याच सुमारास तीव्र झाली. १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक मिशनरी परिषद भरली, त्या वेळी चक्कराई, त्यांचे मेहुणे पी. चेंचय्या आणि इतर काही हिंदी ख्रिस्ती विचारवंतांनी मिळून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा रोख असा की, बिशप असावा की नसावा हा युरोपचा वाद आहे. हिंदी माणसाला ख्रिस्त हवा आहे, संस्थांची मांडामांड नको. पाश्चात्त्य चौकटींचे तुकडे चिकटवून नवी चौकट केली, तरी ती परकीच राहील. म्हणजे चक्कराईंचा विरोध ऐक्याला नव्हता; वरून केलेल्या जुळवाजुळवीला होता. कामगार पुढाऱ्याला शोभेलशीच ही टीका आहे.

दुसऱ्या बाजूनेही मारा चालू होता. इंग्लंडातील कट्टर अँग्लिकनांना ही योजना म्हणजे धर्मबुडवेपणा वाटत होता. प्रसिद्ध कवी टी. एस. इलियट यांनी १९४३ साली तिच्याविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. अशा दुहेरी माऱ्यातून योजना तगली ती अझरियांसारख्यांच्या चिकाटीने. पण ऐक्य पाहण्याचे भाग्य अझरियांना लाभले नाही. ते १ जानेवारी १९४५ रोजी वारले, आणि त्याच महिन्यात त्यांच्या अँग्लिकन मंडळीच्या महासभेने योजनेला संमती दिली.

अखेर २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' जन्मास आले. त्रावणकोर व कोचीनचे बिशप सी. के. जेकब अध्यक्षस्थानी होते. देशाची फाळणी होऊन सहा आठवडे झाले होते. पंजाबात माणसे कापली जात होती, निर्वासितांचे तांडे चालत होते. त्या दिवसांत सुमारे दहा लाख ख्रिस्ती माणसे एका छत्राखाली आली. बिशप मानणारे आणि न मानणारे यांचे असे ऐक्य धर्मसुधारणेनंतर जगात प्रथमच झाले. त्याच दिवशी बिशप झालेल्यांत लेस्ली न्यूबिगिन नावाचे सदतीस वर्षांचे स्कॉटिश मंडळीचे मिशनरी होते. ज्या प्रेस्बिटेरियनांच्या पूर्वजांनी बिशपांविरुद्ध शस्त्र धरले होते, त्यांच्यातला एक माणूस मदुरेकडच्या तामिळ खेड्यांचा बिशप झाला!

मग ती गाठ सोडविली कशी? येथेच या इतिहासाचे मर्म आहे. त्यांनी तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, आज जो ज्या मंडळीत पाळक आहे तो नव्या मंडळीतही पाळकच. कोणीही पुन्हा दीक्षा घेऊ नये. दुसरी, यापुढे जो नवा पाळक होईल त्याला दीक्षा बिशपच देईल. तिसरी, ज्या गावच्या मंडळीची सदसद्विवेकबुद्धी एखाद्या प्रकारच्या पाळकाला किंवा उपासनेला मान्यता देत नसेल, तिच्यावर तो लादला जाणार नाही. आणि या संक्रमणाला मुदत दिली तीस वर्षांची! म्हणजे गतकाळ कोणाचा खरा होता याचा निवाडा त्यांनी केलाच नाही. प्रत्येकाला त्याच्या गतकाळासकट आत घेतले आणि भविष्यकाळ तेवढा एक केला. एक पिढी सरेल, जुने पाळक निवृत्त होतील आणि वाद निवाड्यावाचून संपेल, हा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला.

किंमत मात्र द्यावी लागली. आंध्रातील नंद्याल भागातल्या अँग्लिकन मंडळ्या बाहेर राहिल्या. बिशपवाचून दीक्षा घेतलेला पाळक त्यांना चालेना. १९४८ साली इंग्लंडात लॅम्बेथ येथे जगातील अँग्लिकन बिशपांची परिषद भरली, तिचे या नव्या पाळकांविषयी एकमत होऊ शकले नाही. आपल्याच भावांशी जुळवून घेतले म्हणून घरच्या वडिलांनी काही काळ परके मानावे, असा हा प्रकार झाला. काळाचा महिमा असा की, पुढे नंद्यालही या मंडळीत आले आणि २०१३ साली याच नंद्यालच्या बिशपपदावर ई. पुष्पललिता यांची निवड झाली. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या त्या पहिल्या स्त्री बिशप होत.

उत्तरेकडील वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. त्यांचा शेवट आपल्या नागपुरास झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. येथे उपाय निराळा काढला. दक्षिणेसारखी तीस वर्षे थांबण्याऐवजी आरंभीच सर्व मंडळ्यांच्या पाळकांनी परस्परांच्या मस्तकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने भरून काढावे, अशा भावनेची. ही पुनर्दीक्षा होती काय? अँग्लिकनाला वाटले तर होय. प्रेस्बिटेरियनाला वाटले तर नाही. शब्द मुद्दामच असे योजले होते की दोघांनाही मान खाली न घालता गुडघे टेकता यावेत. ज्याने कधी मालक-कामगार करारनामा लिहिला आहे त्याला या शब्दांचे कसब कळेल. बॅप्टिस्ट व ब्रदरन हे सज्ञान माणसाच्याच बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारे. त्यांच्यासाठी बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा असे दोन्ही मार्ग मान्य केले गेले. मघाशी सांगितलेली मुंबईच्या कोटातील ती दोन चर्चे आज याच एका मंडळीत आहेत.

तेथेही सारे सुरळीत झाले असे नाही. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी ऐन वेळी, १९७० सालीच, बाहेर पडली. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली न्यायालयाने, विलीनीकरण कायद्याप्रमाणे पुरे झालेले नव्हते, असा निर्णय दिला. हात मस्तकावर ठेवून मने जुळतात. सातबाऱ्याला वेगळे कागद लागतात.

जगातही हा प्रवाह वाहत होता. १९२५ साली स्टॉकहोम आणि १९२७ साली लॉझान येथे परिषदा झाल्या. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे १४७ मंडळ्यांनी जागतिक चर्च परिषद स्थापन केली. तिचे तिसरे अधिवेशन १९६१ साली नवी दिल्लीस भरले, तेव्हा रशियाची ऑर्थोडॉक्स मंडळी तीत सामील झाली. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती. रोमन कॅथलिकांनी बराच काळ या चळवळीकडे पाठ फिरविली होती. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याला अनुकूल असा ठराव केला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत पोप सहावे पॉल मुंबईस आले. पुढल्या वर्षी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी १०५४ चे शाप परस्पर मागे घेतले. नऊशे अकरा वर्षांनी! एकत्र प्रभुभोजन मात्र त्यांचे अद्याप होत नाही.

आता मी माझ्या मूळ जागी येतो. या इतिहासातील दोन साले माझ्या मनातून जात नाहीत: १९४७ आणि १९७०. १९४७ च्या सप्टेंबरात दक्षिणेतील मंडळ्या एक झाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'इंटक'ची स्थापना होऊन कामगारांची मध्यवर्ती संघटना दुभंगली होती. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरास उत्तरेतील मंडळ्या एक झाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कलकत्त्यास 'सिटू' स्थापन होऊन 'आयटक' पुन्हा फुटली होती. आणि नागपूर म्हणाल, तर १९२९ साली आमची पहिली मोठी फूट त्याच शहरी पडली आणि १९३८ साली तेथेच काही काळ ती सांधली गेली. आम्ही श्रमिकांचे ऐक्य ही आमची पहिली घोषणा मानतो. हे लोक पंथाभिमानी म्हणून जगात बदनाम. तरी एकाच सालात ते जुळले आणि आम्ही फुटलो.

याचे कारण मला असे दिसते. आम्ही प्रत्येक वेळी आधी गतकाळाचा निवाडा मागितला: कोणाची भूमिका बरोबर होती, कोणी दगा दिला, कोण खरा आणि कोण नकली. त्यांनी तो निवाडा पुढे ढकलला. समोरच्या माणसाने केलेली सेवा खरी मानली आणि उद्यापासून काय करावयाचे तेवढे एकमताने ठरविले. त्यासाठी अठ्ठावीस वर्षे बोलणी करण्याचा व तीस वर्षे वाट पाहण्याचा दम त्यांच्यापाशी होता.

पण चक्कराईंची टीका विसरून चालणार नाही, आणि आंबेडकरांचा प्रश्न तर नाहीच नाही. बिशप आणि पाळक यांचे ऐक्य झाले. महारवाड्यातल्या, मादिगवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला त्याने समता मिळाली काय? संयुक्त मंडळ्यांतही जात शिल्लक राहिली. निवडणुकांत, सोयरिकींत, काही ठिकाणी स्मशानातही. ऐक्याची योजना पाश्चात्त्य पंथांमधील भिंती पाडण्यासाठी होती. गावातल्या भिंती तिच्या कक्षेत फारशा आल्याच नाहीत. अझरियांनी एडिंबरोला मागितलेली बरोबरीची मैत्री वर पोहोचली, तळाशी पोहोचावयाची आहे. हे केवळ ख्रिस्ती मंडळ्यांचे उणे आहे असे कोणी समजू नये. आमच्या युनियनांत, आपल्या गृहनिर्माण संस्थांत, आपल्या देवळांत हा हिशेब आपण सर्वांनी मांडून पाहावा.

तरीही जे झाले ते थोडे नाही. तेहेतीस माणसे एका जुन्या बंदरात दोन दिवस बसली आणि, ही भांडणे आमची नव्हेत, आम्ही ती पुढे चालविणार नाही, असे म्हणाली. वारशाने आलेले धन माणूस सहज स्वीकारतो. वारशाने आलेले वैर नाकारण्यास धैर्य लागते. ते धैर्य ट्रांकेबारला दिसले. आपल्या गावात, आपल्या कारखान्यात, आपल्या घरात असे कोणकोणते वारशाचे वैर आपण उगाच सांभाळीत आहोत, याचा विचार आज घरी जाताना आपण केलात तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.